घागर शेडमध्येच आहे

अहो,

भाकरी आणि पिठलं टोपलीखाली झाकून ठेवलंय. रात्रपाळी करून आला आहात, आधी जेवा आणि मग पुढचं वाचा.

काल संध्याकाळी तुम्ही कंपनीत गेल्यावर कॉलनीच्या सामायिक मळ्यातली शेड उभी राहिली. तुम्ही सुट्टीच्या दिवशी खणलेल्या खड्ड्यांत खांब बरोबर बसले. सगळ्यांना प्यायला म्हणून मी आपली घागर भरून शेडमध्ये ठेवली, तर उद्धवराव म्हणाले, "वहिनी, तुमची घागर बाहेर कडुलिंबाखाली ठेवा. आत सगळ्यांचं पाणी राहील."

मी म्हटलं, "खड्डे खणून घेताना आमच्या माणसाला बाहेर ठेवलं नव्हतं."

तेवढ्यात कुसुमताई उठल्या, उद्धवरावांच्याच पत्नी. त्यांनी माझ्या घागरीतलं पाणी घेतलं आणि सगळ्यांसमोर प्यायल्या. उद्धवराव तसेच निघून गेले. घागर आतच आहे.

तुम्ही म्हणाल, मळ्यातला आपला वाफा सोडून देऊ. गाव सोडलं, मागची खोली सोडली, ती याच पायी. आता माझ्यात सोडायची ताकद उरलेली नाही. अंग नुसतं ठणकतंय, तरी छपराचे पत्रे ठोकायला जातेय. कुसुमताई येते म्हणाल्यात, आणखी कोण येईल सांगता येत नाही.

उद्धवरावांच्या दारात भांडायला जाऊ नका. झोप काढा, आणि उठलात की पत्रा धरायला या.

कस्तुरा