जेवताना लावू नकोस

रवि., ११ जाने. फिंतास, कुवेत

दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या रोमांवर, म्हणजे युरोपातल्या जिप्सींवर, एवढी वर्षं काम करतेय, इथल्या एकाही मराठी माणसाने कधी विचारलं नव्हतं. आज जोगळेकरांचा फोन. मंडळाचे सेक्रेटरी, वर समीरचे साहेब. "वहिनी, ते लोक मूळचे आपल्याकडचेच ना? मग संक्रांतीच्या मेळाव्यात बोलाच!" त्यातून वाचलेल्या मारियाआजीच्या आठवणींचं रेकॉर्डिंग लावावं म्हणते. आधी तिला विचारायला हवं.

मंगळ., १३ जाने.

रोमानियात आजीला व्हिडिओ कॉल. मधे दुभाषी तिची नात. लोकांसमोर लावायला आजवर नाहीच म्हणायची. आज म्हणाली, "आमचे पूर्वज तिकडून आले म्हणतात. त्या माणसांना ऐकव."

अट एकच, जेवताना लावू नकोस. युद्धात बुग नदीकाठी या रोमांना उपाशी डांबलं, तेव्हा शिपाई पोरांसमोर बसून खायचे. तिचा धाकटा भाऊ त्यांच्या तोंडाकडे बघत बघत गेला. तेव्हापासून खाणाऱ्यांसमोर ती बोलत नाही.

शब्द दिला. जोगळेकरांनाही बजावलं. "हो हो वहिनी, अगदी!"

शुक्र., १६ जाने.

खैरानच्या मेळाव्याहून आत्ताच परतलो. शिसारी आलीय नुसती.

समुद्रकाठच्या भाड्याच्या शॅलेत आजीचा आवाज सुरू झाला, पडद्यावर खाली माझं मराठी भाषांतर, आणि मागून बटाटेवड्यांचे ट्रे. कार्यक्रम लांबला, लोकांना भूक लागली, म्हणे. भावाचं येईपर्यंत सगळीकडे मचमच. मिशीला चटणी लागलेला एक जण: "पण चोऱ्या करतात ना हे? आपल्याकडच्या पारध्यांसारखे?" हशा. म्हणजे युरोपातले ते आपलं रक्त, आणि गावाच्या वेशीबाहेरचे ते चोर!

बंद केलं. म्हटलं, "खाऊन घ्या तुम्ही." जोगळेकर तिळगुळाची वाटी घेऊन पुढे: "गोड बोला हो वहिनी, सण आहे."

थुंकावंसं वाटलं. आणि मुकाट्याने तिळगूळ घेतला. माझीही किळस आली.

शनि., १७ जाने.

समीर: "सॉरीचा एक मेसेज टाक ना त्यांना. मला रोज तोंड दाखवायचंय तिथे." म्हटलं, आणि आजीला काय सांगू? "सगळ्यांना आवडलं म्हणून कळव. म्हातारीला काय कळणारे!"

हे बोलताना कालचा उरलेला वडा खात होता. उठून गॅलरीत गेले. एका घरात राहायचं म्हणजे…

सोम., १९ जाने.

जोगळेकरांना काही पाठवलेलं नाही. समीर बोलत नाही.

दुपारी पानावर बसले आणि नातीचा व्हॉइस मेसेज. हातातला घास खाली ठेवला, हात धुतले, मग लावला. मागे आजीचा खोकला. नात म्हणत होती, "आजी रोज विचारते. तिकडची आपली माणसं काय म्हणाली?"

भात गार झालाय. काय सांगू तिला.