तुटक निळी रेघ

बाबा, आज मुलीच्या अभ्यासाला बसले होते, नकाशात ऑस्ट्रेलिया रंगवायचा होता. तुमचा इतका राग आला की आतल्या खोलीत येऊन हे लिहायला घेतलं.

शारजाच्या घरात भिंतीला एक खिळा ठोकायची परवानगी नव्हती. घरमालकाची नव्हे, तुमची. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आला की निघायचंच आहे, मग संसार मांडायचा कशाला? जबल अलीच्या गोडाउनमधून कंपनीच्या बसने दमून यायचात आणि जेवताना आमच्याकडून एजंटने सुचवलेल्या त्या आडगावाची उजळणी करून घ्यायचात. गहू पिकतो. माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. रेल्वे आहे, पण थांबते ती मालगाडीच. थंडी जूनमध्ये. मला शारजाचे रस्ते ठाऊक नव्हते, पण त्या गावची धान्याची कोठारं स्टेशनच्या कुठल्या बाजूला आहेत ते पाठ होतं.

आईला घरात गणपती हवा होता, बाकी तिने कधी काही मागितलं नाही. तुम्ही म्हणायचात, "इथे एकदा बसवला की मोडता येणार नाही. एकदम तिकडेच बसवू. गावातून नदी जाते, विसर्जनाची पण सोय आहे." मग शाळेत आम्हाला नकाशातल्या खुणा शिकवल्या. घरी येऊन मी तुमच्या ॲटलासमधल्या त्या नदीवर बोट ठेवते. "बाबा, धिस लाइन इज ब्रोकन. मीन्स इट्स ड्राय. पाणी ओन्ली व्हेन इट रेन्स." तुम्ही ताटातून मान वर करत नाही. "खलास, जेव आता." म्हणजे तुम्हाला माहीत होतं! आईचा वाढता हात थांबतो. "अहो, शेजारचे बादलीत करतात विसर्जन. नदी मी मागितलीच कुठे होती?"

तरी गणपती आला नाही. व्हिसाही आला नाही. तुम्ही गेलात आणि तुमच्या नोकरीवरचा आईचा इथला व्हिसाही संपला. तिने घर आवरायला घेतलं, तर आवरण्याजोगं काही नव्हतंच. मागच्या वर्षी दादाने पुण्यात गणपती बसवला, आरतीचं ताट आईपुढे धरलं. ती खुर्चीतून उठली नाही. "तुमचं चालू दे रे. मला आता नको वाटतं." बाकीचं सगळं मी सोडून देईन, बाबा, हे नाही.

हे काही कुठे धाडायचं नाही, म्हणून सांगून टाकते. ते गाव मला अजून बघायचंय. नवऱ्याला बोललेले नाही. आईला तर मरेपर्यंत कळू देणार नाही.