निळ्या पडद्यांची खोली

११ फेब्रु., बुधवार

कमोडचा खरा खर्च आज मनाशी मांडला. भांडं स्वस्तात आलं, टवका उडालेलं होतं म्हणून. पण ते बसवायला हळदीच्या बेण्याची खोली गेली. बेणं व्हरांड्यात आलं. व्हरांड्यातली सौ.ची शिलाई मशीन वर पत्र्याखाली गेली, आणि तिथं ऊन लागतं म्हणून सौ. आठ दिवस माझ्याशी ‘हं’ आणि ‘न्हाई’ एवढंच बोलली. आमच्या जवळा बाजार गावातले निम्मे लोक बाजाराच्या दिवशी बघून गेले. एकानं झाकण उचलून विचारलं, "शेठ, ह्याच्यावर चढून बसायचं का कसं?"

हे सगळं हिंगोलीच्या मंडळाच्या अटीपायी. परदेशी पोरगी घरी ठेवायची तर कमोड पाहिजे.

आणि ज्युलिया आल्या दिवसापासून जुन्याच संडासात जाते. आधी नांदेडच्या एका घरी होती, तिथंच शिकून आली. नव्या कमोडवर सौ. भिजवलेल्या कपड्यांची बादली ठेवते.

पोरगी मात्र गुणाची. ब्राझीलची, आमच्या राधिकाच्याच वयाची, सतरा. सौ. ताटात तिसरी भाकरी टाकते तेव्हा हात आडवा धरून म्हणते, "काकू, पोट फुटून राहिलं." सौ. तरी टाकते. वर तूप.

१६ फेब्रु., सोमवार

संध्याकाळी हिंगोलीला मंडळाची मीटिंग. शनिवारपासून ट्रिप आहे. आसपासच्या जिल्ह्यांत ठेवलेली सगळी परदेशी पोरं एकत्र फिरवायची. पहिला दिवस औंढा, मग आमच्याकडं हळद शिजताना दाखवायची, मुक्काम आमच्याच घरी. गाड्या माझ्या.

हे मंडळ म्हणजे डॉक्टर, वकील आणि त्यांचे व्याही. एकमेकांना हार घालायला एकमेकांची गरज पडते म्हणून जमतात. अध्यक्ष दाताचे डॉक्टर. माणसाचं तोंड उघडं ठेवून स्वतः बोलत राहायची सवय, ती दवाखान्याबाहेरही सुटत नाही. मराठी वाक्य इंग्रजीत संपवतात, इंग्रजी वाक्य खोकून. दिवाळीत मला मेंबर करून घेतलं. काहून केलं ते मला माहीत आहे. माझ्या दोन क्रूझर आणि एवढं मोठं आंगण कुणाच्या बापाकडं नाही.

मी पण काही फुकट शिरलो नाही. निजामाबादच्या हळद बाजारात पोती उचलली, तिथं तेलुगू आणि हिंदी कानानं उचलली, एक्स्पोर्टवाल्यांची इंग्रजी पण. आता माझे हळद शिजवायचे चार बॉयलर गावोगाव फिरतात. मला मंडळातून एकच काम आहे. राधिका.

अध्यक्ष म्हणाले होते, "एक्स्चेंज प्रोग्रॅम आहे." मी घरी येऊन सौ.ला सांगितलं, साटंलोटं. त्यांची लेक आपल्याकडं, आपली लेक त्यांच्याकडं, वर्षभर. सौ. आधी रडली, मग हिशोब तिला पटला. तिच्या दोन आत्या साटंलोट्यानं दिलेल्या, दोन्ही घरांत सुनेला वरच्या आवाजात बोलायची कुणाची टाप नव्हती. म्हणाली, "हिला आपण जपू तशी ती माउली आपलीला जपंल. बराबर हाये." तेव्हापासून ज्युलियाच्या आईला ती फोनवर विहीणबाई म्हणते. नांदेडला जाणाऱ्याच्या हाती पापड, हळद आणि एक साडी कुरिअरला दिली. ब्राझीलहून त्या बाईचा साडी नेसलेला फोटो आला. पदर उलटा.

ज्युलियानं तिच्या खोलीचा फोटो दाखवला होता. पलंग, टेबल, निळे पडदे. आता तो माझ्या फोनमध्ये आहे. कळमनुरीच्या मेहुण्याला दाखवला, आडत्यांना दाखवला, बॉयलरवरच्या गड्यांना दाखवला. "ही राधिकाची खोली. जुलैत पोरगी ब्राझीलला. जागेसहित पक्कं." मेहुण्याचा पोरगा पुण्याला पार्टनरशिपच्या खोलीत राहतो. तो फोटो मोठा करून बघत बसला. म्हणाला, "काका, खिडकी मोठी हाय." मी म्हणालो, असू दे.

२१ फेब्रु., शनिवार (ट्रिपचा पहिला दिवस)

दुपारी लिहितोय. पोरं जेवून पडलीत.

सकाळी हिंगोलीत विश्रामगृहापुढं सगळे जमले. फ्लेक्स केवढा, त्यावर मंडळाचे सगळे चेहरे, परदेशी पोरांपैकी एकाचाही नाही. अध्यक्षांनी पोरांना उन्हात उभं करून भाषण दिलं. एक जर्मन पोरगं चक्कर येऊन फ्लेक्सला टेकलं, नेमकं अध्यक्षांच्या फोटोला. राधिकानं त्याला पाणी दिलं.

आमची एक क्रूझर ड्रायव्हरकडं, एक माझ्याकडं. माझ्या गाडीत मागं अध्यक्ष आणि सेक्रेटरी वकील. त्यांची स्वतःची गाडी बायकांना दिली होती. दोघांना वाटलं समोर भाड्याचा माणूस बसलाय. मी टोपी घातलेली, मान पण वळवली नाही. ड्रायव्हर समजलं की माणसं कशी मोकळी होतात.

औंढ्याच्या अलीकडं बोलणं सुरू झालं. निम्मं इंग्रजीत.

वकील: "ते जवळा बाजारवाले काय म्हणतात? पोरीला पाठवायचं म्हणून बसलेत म्हणे."

अध्यक्ष: "त्यांना वाटतं साटंलोटं आहे. हिच्या बदल्यात ती." हसले. "वाटू दे. ट्रिप होऊ दे, मग सांगू. होस्ट वेगळा, सिलेक्शन वेगळं."

वकील: "सीट किती?"

अध्यक्ष: "एकच. आमचा अथर्व जाईल."

वकील: "इंटरव्ह्यू?"

अध्यक्ष: "घेऊ ना. फॉर्मॅलिटी आहे."

मी रस्ता बघत राहिलो. पुढं एक बैलगाडी होती, हॉर्न दिला नाही. राग आला का? आला. पण जास्त किळस आली. फसवणारा माणूस निदान मेहनत घेतो. यांनी काही केलंच नाही. मी चुकीचं समजलो, आणि ते समजलेलं यांना सोयीचं पडलं. कमोड बसेपर्यंत गप्प, गाड्या मिळेपर्यंत गप्प.

देवळापाशी उतरताना अध्यक्षांनी मला बघितलं. "अरे, तुम्हीच चालवत होता?" मी म्हणालो, "गाडीचा आवाज लय, मागचं काही ऐकू येत न्हाई." त्यांचा जीव भांड्यात पडला. मी हसून दार उघडलं.

औंढ्यात अध्यक्षांनी देवळाची माहिती इंग्रजीत सांगितली. कोरीव हत्तीला घोडा म्हणाले. ज्युलिया राधिकाला मराठीत म्हणाली, "सोंड हाये की."

मग आमचं आंगण. बॉयलर चालू, वाफ, सगळीकडं शिजल्या हळदीचा वास. मंडळाच्या बायकांनी फोटोसाठी पोरांच्या गालाला हळद लावायला घेतली. शेजारची कासाबाई कुंपणावरून बघून म्हणाली, "एवढ्या नवरदेवांचं एकदमच उरकून राहिलेत का?" सौ.नं तोंडाला पदर लावला. अध्यक्षीणबाईंना वाटलं आशीर्वाद दिला.

अध्यक्षांचा पोरगा अथर्व गाडीतच झोपला होता, कानात वायर. वाईट पोरगं नाही. त्याला ब्राझील कुठं आहे हे माहीत आहे का, हे मी विचारलं नाही. पोरं मात्र राधिकाच्या मागं. तिची इंग्रजी अडत अडत जाते, पण पोचते. सौ.ला काय सांगायचं? ती आत ज्युलियाच्या ताटात तूप वाढत होती.

पंगत बसली तेव्हा मी उभा राहिलो. सगळी परदेशी पोरं, बायका, गडी, कासाबाई कुंपणावर. हात जोडून म्हणालो, "डॉक्टरसाहेब, आज तुमचे पाय आमच्या आंगणाला लागले. एकच सांगा, म्हणजे पंगतीला गोडी येईल. आमच्या राधिकाला इंटरव्ह्यूला बसवता ना? आणि इंटरव्ह्यू घेणारा माणूस बाहेरचा, परभणीहून येईल ना? मंडळ काही घरच्या लेकराला मार्क देणार न्हाई."

अध्यक्षांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. वकील ताटात बघू लागला. अध्यक्ष म्हणाले, "ऑफ कोर्स. ऑफ कोर्स, का नाही."

मी म्हणालो, "ज्युलियाबाई, इंग्रजीत सांग सगळ्यांना, डॉक्टरसाहेबांनी शब्द दिला." तिनं सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी पण वाजवल्या, सगळ्यांच्या मागून.

इंटरव्ह्यू पुढच्या रविवारी ठरला. बाहेरचा माणूस. एवढं तरी घेतलं. सौ.ला अजून सांगितलं नाही. आधी पोरीनं जागा मारावी, मग सांगू की साटंलोटं कधी नव्हतंच...

२२ फेब्रु., रविवार

सकाळी पोरं सामान बांधत होती. गाड्या कळमनुरीकडं न्यायच्या. ज्युलियानं जायच्या आधी तिच्या घरी व्हिडिओ कॉल लावला, तिकडं रात्र. सौ. पदर सावरून पुढं. "विहीणबाई, बऱ्या हाव का?" मग ज्युलियाला म्हणाली, "पोरीची खोली दाखव म्हणावं एकदा. फोटोत भिंत नीट दिसत न्हाई."

ज्युलियानं सांगितलं. तिच्या आईनं फोन घेऊन दार ढकललं. निळे पडदे. पलंगावर एक पोरगी बसलेली, मांडीवर वही. तिनं हात हलवला.

सौ. माझ्याकडं बघेना. राधिकाकडं पण बघेना. ज्युलिया हसून सांगायला लागली, ही आमची नवी... आणि सौ.चा चेहरा बघून तिथंच थांबली.

मला वाटलं आता सौ. फोन खाली ठेवील. तिनं जवळ धरला. "जेवली का गं बाई?" राधिकानं ते इंग्रजीत केलं. पलीकडून काहीतरी उत्तर आलं. राधिका म्हणाली, "भात खाल्ला म्हणते."

सौ. आत गेली. थोड्या वेळानं ज्युलियाच्या बॅगेत डबा ठेवायला बाहेर आली. जाता जाता मला एवढंच म्हणाली, "तुमाला माहीत होतं." विचारलं नाही, सांगितलं. मी गाडी पुसत होतो, पुसत राहिलो. राधिका पायरीवर बसून ज्युलियाला इंग्रजीत स्वतःची ओळख सांगत होती, इंटरव्ह्यूची. तीन वेळा चुकली, चौथ्यांदा परत सुरुवात.

कळमनुरीच्या अलीकडं मेहुण्याचा फोन. गाडी बाजूला घेतली. "दाजी, इथं पाव्हणे बसलेत, पोराला स्थळ आलंय. तो खोलीचा फोटो टाका ना, पोरीकडच्यांना दाखवतो, आपली भाची कुठं जाणार ते."

टाकतो म्हणालो.

मागच्या सीटवरून ज्युलियानं सगळं सांगितलं होतं तोवर. ती पोरगी जपानची. नाव हाना. ऑगस्टपासून त्या खोलीत राहते.