बैठकीतला समुद्र

मयूर विहार, दिल्ली
११ डिसेंबर २००४

प्रिय देविका,

तुला आणि घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. शार्दूलची सहामाही संपली असेल. इथे थंडी पडली आहे, सकाळी समोरची इमारतसुद्धा दिसत नाही इतकं धुकं असतं. अलकनंदामावशीची कंबर धरली म्हणून मी तिच्याकडे आले आहे, हे उन्मेषने तुला सांगितलंच असेल.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी घरातच होते. मावशीने उचलला, मी हातानेच नको म्हटलं. रागावू नकोस. तू तिला विचारलंस म्हणे, "मासे मेले म्हणून कोणी घर सोडतं का?" म्हणून लिहायला बसले.

पहिली गोष्ट, मासे मेले नाहीत. मेल्या त्या गोगलगायी, कोळंब्या आणि प्रवाळ.

माशांची टाकी आली तेव्हा तू पाहिली नाहीस. नऊ फूट लांब, माझ्या हनुवटीपर्यंत उंच. बैठकीच्या खिडकीचं ग्रिल काढून आठ माणसांनी ती आत घेतली. जिथे शनिवारी माझा गाण्याचा वर्ग बसायचा, तीच भिंत. मी विरोध केला नाही असं नाही, केला. पंपांच्या घरघरीत सूर कसा लागणार, असं म्हटलं. उन्मेष म्हणाला, मुलांना आतल्या खोलीत बसव. आतल्या खोलीत चार मुलं मावतात. वर्ग दिवाळीच्या आत बंद पडला.

पण खरं सांगते, मला ती टाकी नंतर आवडू लागली होती. कित्येक आठवडे तिच्यात नुसते दगड आणि खारं पाणी. मिठाची पोती, पाणी गाळायचं यंत्र, रात्रंदिवस चालू. उन्मेष ऑफिसातून यायचा तो बूट न काढता आधी टाकीपाशी. मग एकदा संध्याकाळी त्याने मला स्वयंपाकघरातून हाक मारली. हिरवट रंगाचं पहिलं प्रवाळ उघडलं होतं, लहान मुलाची बोटं पाण्यात हलावीत तसं. आम्ही दोघं जमिनीवर बसून बघत राहिलो. पोळी करपली तरी तो काही बोलला नाही. देविका, लग्नानंतर इतके आनंदात आम्ही फार वेळा बसलेलो नाही.

दसऱ्यानंतर गोगलगायी मरायला लागल्या. मग कोळंब्या. मग ते हिरवं प्रवाळ मिटलं आणि पुन्हा उघडलंच नाही. टाकी बसवणारा खन्ना करोलबागेतून आला, पाणी तपासलं आणि म्हणाला, "साहब, पानी में ताँबा है. किसी ने कुछ डाला है." तांबं माशांना जरा चालतं म्हणे, या बाकीच्यांना विष.

घरात माणसं किती? अण्णा, उन्मेष, मी आणि कामाला येणारी सरोज. तांब्याची भांडी माझ्या आईची, माझ्या लग्नातली. रोज चिंचेने घासते तीही मीच.

उन्मेषने आधी सरोजकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, बिल्कुल नाही, ती टाकीला हात लावायलासुद्धा घाबरते. मग जेवताना, पानाकडे बघत, त्याने विचारलं, "तू काही टाकलंस का?" मी नाही म्हटलं. तो "अच्छा" म्हणाला आणि भात वाढून घेतला. दुसऱ्या दिवशी टाकीखालच्या कपाटाला कुलूप लागलं. पाणी गाळायची छोटी टाकी त्या कपाटात असते. किल्ली त्याच्या ऑफिसच्या बॅगेत.

तेव्हापासून मीही नीट वागले नाही. सरोज फरशी पुसताना दारात उभी राहायचे. अण्णा पाणी प्यायला उठले की त्यांच्या मागे जायचे. एकदा ते वळून म्हणाले, "लतिका, मी पडत नाही गं. तू झोप." मला लाज वाटली, पण पाळत सुटली नाही. कोणीतरी सापडलं तर मी सुटेन, एवढंच डोक्यात होतं.

आणि सापडलं काय, तर अण्णांनी स्वतःच सांगितलं. नाश्त्याला पोहे खाता खाता म्हणाले, "उन्मेष, त्या कपाटाला कुलूप कशाला? मला पैसे टाकायचेत." त्यांच्या डब्यात जुने तांब्याचे पैसे आहेत ना, ते. काचेवर हिरवं धरलेलं पाहून त्यांना गावची विहीर आठवली. विहिरीचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून त्यांचे वडील तिच्यात तांब्याचे पैसे टाकायचे. मुलाची एवढी हौस, आपलाही हात लागावा, असं त्यांना वाटलं. उन्मेषने कुलूप काढलं, गाळायच्या टाकीतल्या कापसाच्या गादीखाली हात घातला. हिरवे पडलेले पैसे निघाले.

तुझा भाऊ रागावला नाही. हसला. अण्णांच्या शेजारी बसून त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "असू दे अण्णा, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत." मलाही भरून आलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "चला, कोडं सुटलं. चहा टाकतेस?"

मी चहा टाकला. त्या दिवशी वाट पाहिली, पुढचा आठवडाही पाहिली. तो दगड बदलायच्या गोष्टी करत होता.

मावशीची कंबर ठणठणीत आहे, देविका.

यावरही मी घर सोडलं नसतं. संशय येतो माणसाला, मलाही आलाच होता. पण मग सरोजने सांगितलं. भांडी घासताना, माझ्याकडे न बघता, "भाभी, बुरा मत मानना. साहब मुझसे पूछ रहे थे, भाभी अलमारी खोलती हैं क्या, मेरे पीछे क्या करती हैं." खन्ना पाणी तपासून गेला त्याच दिवशीची गोष्ट, कुलूप लावायच्याही आधीची. म्हणजे मी सरोजची बाजू घेत होते, तेव्हा तो तिच्याकडे माझी चौकशी करून आला होता. मी जेवणाच्या टेबलावर नाही म्हटलं, त्याच्या आधीच.

गेल्या रविवारी तो इथे आला होता. संत्री घेऊन. नवे दगड येणार आहेत, पहिला मासा तू निवड, अण्णा तुझी आठवण काढतात, आता घरी चल, असं सगळं नीट बोलला. मावशी आत गेली. तेव्हा मी त्याला विचारलं, "सरोजला माझ्याबद्दल का विचारलंस?"

तो संत्र्याची साल सोलू लागला. मला वाटलं, आता बोलेल. एक शब्द बोलला असता तरी मी चप्पल घालून निघाले असते, खरंच.

तो म्हणाला, "तुला कोणी सांगितलं?"

मी सांगितलं नाही. पण त्याला कळलंय. घरात आता उरलंय कोण? म्हणून पहिलं काम तुला सांगते. त्याला फोन कर आणि सरोजला काढू नकोस म्हणून सांग. तुझं तो ऐकतो. अण्णांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिलाच माहीत आहेत, कोणती सकाळची आणि कोणती रात्रीची.

मी परत जाणार नाही. त्याला रविवारीच सांगितलं, तुलाही सांगते. इथल्या सोसायटीच्या हॉलमध्ये सोमवारपासून वर्ग घेते आहे. नऊ मुलं आहेत, बहुतेकांना मराठी येत नाही, पण सूर छान आहे.

अण्णांना हे कसं सांगायचं ते मला कळत नाही. त्यांच्या पैशांमुळे मी गेले असं त्यांना वाटू देऊ नकोस. तसं नाहीच. तू ये, त्यांच्याजवळ बस आणि हे आपल्या तोंडाने सांग. पत्रातलं त्यांना पटणार नाही.

दर पत्राखाली तुझी वहिनी असं लिहीत आले. आज नुसतं नाव लिहिते. चालेल ना तुला?

लतिका