डबी चालू ठेवून वाकताना

आई,

आज ऑफिसात तुझी आठवण आली आणि माझी पंचाईत झाली. आमच्या अंधेरीच्या प्रयोगशाळेत एसी इतका लावलेला असतो की सगळ्यांची नाकं तशीही वाहत असतात, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता भरदिवसा असं व्हायला नको. पण जे काम चाललं होतं ते तुझंच होतं, त्याला मी काय करू?

तुझ्या कमरेत बसवलेल्या डबीचं काम. डॉक्टर तिचं भलंमोठं नाव घेऊन बोलायचे, तू पहिल्याच दिवशी तिची डबी केलीस. पाठीची दोन ऑपरेशनं होऊनही डाव्या पायातली कळ जाईना, तेव्हा ती बसवली. कातडीखाली काडेपेटीएवढी डबी, तिच्यातून निघून मणक्यापर्यंत गेलेली बारीक तार, आणि त्या तारेतून नसेला सतत मिळणारा हलका करंट, म्हणजे कळ मेंदूपर्यंत पोचतच नाही. पहिल्या आठवड्यात तू किती खूश होतीस! "पायात मुंग्यांचं लग्न लागलंय बघ, पण दुखत नाही," असं शेजारणींना सांगत विक्रोळीच्या आपल्या बिल्डिंगचे जिने चढत-उतरत होतीस. डबी चालू-बंद करायचा रिमोट रुमालात गुंडाळून कमरेला खोचलेला. बालवाडीतही परत शिकवायला गेलीस, आणि मुलांच्या घोळक्यात जमिनीवर बसलीस.

तिथेच घोडं अडलं. तू उभी असलीस, चालत असलीस की डबी शहाण्यासारखी वागायची. वाकलीस की पाठीतलं तारेचं आणि नसेचं अंतर बदलायचं. डबीला ते कळायचं नाही, ती आपला तेवढाच करंट सोडत राहायची, आणि तुला तो एकदम चटका दिल्यासारखा लागायचा. विळीवर भाजी चिरताना एकदा दचकलीस आणि बोट कापून घेतलंस. डॉक्टर म्हणाले, खुर्चीवर बसा, खाली वाकू नका. त्यांचं काही चुकलं नव्हतं, त्या डबीला तेवढंच येत होतं. तू त्यांच्यासमोर मान डोलावलीस आणि बाहेर आल्यावर मला म्हणालीस, "बालवाडीची बाई खुर्चीवर बसली की पोरं तिला इन्स्पेक्टर समजतात."

मग ती पौर्णिमा. विहारात आपण सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत ओळीने बसलो आहोत, वंदना चालू आहे, तू नेहमीसारखी पुढे. मी तुझ्या मागे, हात अर्धा पुढे करून, कारण मला माहीत आहे आता काय होणार. तू गुडघे, हात आणि कपाळ जमिनीला टेकवतेस आणि तुझं सगळं अंग झटका बसल्यासारखं उडतं. तोंडातून आवाजही निघतो. मी तुझा खांदा धरते. पुन्हा वाकतेस, पुन्हा तेच. आणि मागून खालच्या चाळीतली म्हातारी आजी हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणते, "बाईच्या अंगात आलं का काय गं?"

तुझा चेहरा मी त्यानंतर बराच वेळ पाहू शकले नाही. लग्न होऊन गावाहून आलीस तेव्हापासून तू दारोदार जाऊन बायकांना सांगत होतीस की अंगात येणं वगैरे सगळं थोतांड आहे, ते आपण मागे टाकून आलोय. आणि तुझ्याच बाबतीत, भर विहारात, बुद्धमूर्तीसमोर हे! तू त्या आजीला मशीनचं सांगायला गेलीस, रिमोटसुद्धा दाखवलास, तर ती म्हणाली, "असू दे गं, होतं कुणाला कुणाला." घरी येऊन तू जेवली नाहीस.

त्या दिवसापासून वंदनेआधी तू डबी बंद करायला लागलीस. चपला काढाव्यात इतक्या सहज, विहाराच्या पायरीवर रिमोटचं बटण दाबायचीस. परत चालू करायला आधी विसरायचीस, मग विसरेनाशी झालीस, पण तरी करेनास. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, स्वतःला फार शहाणी समजणारी. म्हटलं, "अगं, बसून हात जोड ना. डोकं टेकवायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय?" तू भाकरीचं पीठ मळत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "मशीनचं शिकतेस ना तू? मग मशीनला शिकव. मला नको शिकवू." मी चिडले, तूही चिडलीस. भाकरी थापायला ठेवलेली परात दोघींच्या मध्ये तशीच राहिली आणि त्या दिवशी आपण बाहेरून पाव आणून खाल्ला.

कळ परत आली. ती यायचीच होती. तू बालवाडी सोडलीस, जिने सोडलेस, शेवटी विहारही सोडलंस, ज्याच्यासाठी हे सगळं केलं होतंस तेच. दुखतं का विचारलं तर म्हणायचीस, "दुखतं, पण कुणी नावं तर ठेवत नाही." मग एका दुपारी हृदय थांबलं. त्याचा डबीशी संबंध नव्हता. अग्नी द्यायच्या आधी हॉस्पिटलातल्या सिस्टरने विचारलं, "आत काही मशीन आहे का? बॅटरी आगीत फुटते, काढावी लागेल." मी म्हटलं, "आहे, पण बंद असतं." तिने तसंच लिहून घेतलं. काढलेली डबी माझ्या कपाटात आहे, तुझ्या रुमालातच.

आता आजचं. आम्ही जी डबी करतोय ती नसेला करंट देते आणि नस त्याला काय उत्तर देते ते ऐकते. उत्तर जोरात आलं की लगेच करंट कमी करते, क्षीण आलं की वाढवते. पण ती किती पटकन आवरते, हे माणसाला हलवून बघावं लागतं. त्यासाठी ठरलेल्या चाचण्या असतात: झोपणं, बसणं, उभं राहणं, चालणं, खोकणं. मी साहेबांना विचारलं, "बसणं म्हणजे कशावर?" ते म्हणाले, "खुर्चीवर, यार, अजून कशावर?" मी म्हटलं, मांडी घालणं, उकिडवं बसणं आणि कपाळ टेकवून नमस्कार हेही यादीत घालू. साहेब म्हणाले, "अगं, एवढं कोण वाकतं आजकाल? आणि डिझाईन आता फायनल होतंय, वाट लावू नकोस." पुढचे कित्येक दिवस मी त्यांच्याशी भांडले. डिझाईन फायनल झालं की पुन्हा कोण उघडणार होतं? शेवटी वैतागून म्हणाले, "कर बाई, कर. तू ऐकणार नाहीस." मी म्हटलं, "आईवर गेलेय." पहिल्यांदा प्रयोगशाळेतला नकली मणका वाकवून पाहिला तेव्हा डबी उशिरा आवरत होती. म्हणजे तुला बसायचा तसाच चटका बसला असता. ते दुरुस्त करायला पावसाळा सरला.

आज त्या नमस्काराच्या चाचणीसाठी घाटकोपरच्या एक मावशी आल्या होत्या. वयाने तुझ्याएवढ्या, म्हणजे तू होतीस तेवढ्या. त्यांच्या कमरेत आमची डबी. मी लादीवर सतरंजी घातली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "नमस्कार करू कुणाला? इथे तर देव नाही काही." मी म्हटलं, "तुम्हाला ज्याला करावासा वाटेल त्याला." त्या गुडघ्यांवर बसल्या, हात टेकवले आणि कपाळ खाली नेलं. मी मागे जाऊन उभी राहिले. स्क्रीनवर करंटची रेघ त्यांच्यासोबत खाली वाकली आणि त्या उठल्या तशी वर आली. त्या शांतपणे उठून पदर सावरत म्हणाल्या, "झालं? चालू होतं ना गं मशीन?" साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या टीममधल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. झकास, झकास म्हणून कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली.

माझा हात मात्र अजून अर्धा पुढेच होता, खांदा धरायला.

मशीनला शिकवलं, आई. उशीर झाला, पण शिकवलं. हे पत्र आता डबीशेजारी त्याच रुमालात जाईल, दुसरीकडे कुठे पाठवणार? फक्त एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही, ती तुला सांगते. त्या मावशी वाकल्या ना, तेव्हा त्यांनी एकदा तरी दचकावं असं मला वाटलं. एकदाच. म्हणजे मी तुला धरलं असतं.