नंबराला इस्त्री

ता. ९ मार्च, सोमवार

सौ. टिटवीस,

बाबांचा आशीर्वाद. तू आणि जावईबापू खुशाल असाल असं धरून चालतो. पत्राला फार उशीर झाला, माफ कर. तू इथून गेलीस त्याला तीन आठवडे झाले. तेवढ्यात चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा कागद फाडला. तू म्हणशील, बाबा, रोज फोनवर बोलतो ना आपण, मग पत्र कशाला? पण फोनवर तू आधीच विचारतेस, "बाबा, जेवलात का? गोळी घेतली का?" मी हो म्हणतो, आणि जे बोलायचं असतं ते घशातच राहतं. कागद मधे बोलत नाही. शिवाय या पाकिटात एक वस्तू आहे, ती फोनमधून जात नाही.

मी बरा आहे. उजवा गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्यावरच गेलाय, काही झालेलं नसलं तरी कुरकुरणार. दुकानाला कुलूप लावलं की नाही ते बघायला कोपऱ्यावरून परत यायची खोड अजून गेलेली नाही. परवा दोनदा आलो. शेजारचा शिंपी म्हणाला, "काका, आता ते कुलूपच तुम्हाला विचारेल, माझ्यावर विश्वास नाही का म्हणून." त्याला हसायला काय जातं. उकाडाही वाढतो आहे. इस्त्रीसमोर उभं राहिलं की दुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

तुझ्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, ते दाखवलंस का कुणाला? तू नर्स आहेस हे मला ठाऊक आहे. पण नर्सच्या नखाकडे कोण बघतं, म्हणून विचारलं.

शर्यतीबद्दल आपलं नीट बोलणंच झालं नाही. त्या दिवशी तू इतकी चिडलेली होतीस की माझी हिंमत झाली नाही. चिडणारच. एकवीस किलोमीटर धावून आलेली पोर, आणि निकालाच्या यादीत तिच्या नंबरापुढे नुसती आडवी रेघ! तीन वर्षं तू त्या दोन तासांच्या मागे लागली होतीस. पहिल्यांदा दोन तास अकरा मिनिटं, मग दोन तास सहा, आणि गेल्या वर्षी दोन तास चाळीस सेकंद. चाळीस सेकंद! तेवढ्यात माझी एक बाहीसुद्धा होत नाही. या वेळी तुझ्या मनगटावरचं घड्याळ एक तास अठ्ठावन्न मिनिटं दाखवत होतं. पण मनगटावरचं घड्याळ म्हणजे घरचाच साक्षीदार, त्याचं कोण ऐकतं? दोन तासांच्या आतला छापील निकाल दाखवला नाही तर तुझा धावण्याचा गट तुला पुढच्या मोठ्या शर्यतीला पाठवणार नाही आणि नावं द्यायची शेवटची तारीख पंचवीस, हे तू सांगितलंस तेव्हापासून मला घास गोड लागलेला नाही.

त्याचं कारण पुढे लिहितो. आधी मी काय पाहिलं ते सांगू दे.

तू बजावलं होतंस, "बाबा, गर्दीत येऊ नका. शेवटच्या ठिकाणी सावलीत बसा, मीच तुम्हाला शोधेन." तुला वाटतं मी तिथेच बसून होतो. नाही. मी आधी पुलाच्या चढाशी गेलो होतो, सतराव्या किलोमीटरच्या पाटीजवळ. चाळीस वर्षं या गल्ल्यांतून कपड्यांचे गठ्ठे पोचवले आहेत. कुठून आत शिरलं की कुठे बाहेर निघतो हे मला रस्ते बांधणाऱ्यांपेक्षा जास्त कळतं.

त्या चढावर मी भल्याभल्यांना ढेपाळताना पाहिलं. एक पैलवानासारखा गडी कठड्याला धरून उभा होता, दुसरा खाली बसून बुटाची नाडी उगाच सोडत-बांधत होता. म्हटलं, यांची ही गत, तर आपल्या काडीचं काय होणार. आणि तेवढ्यात तू आलीस. पिवळा सदरा, तोंड लालबुंद, आणि पाय असे पडत होते जसे शिवणयंत्राचे टाके, सगळे सारखे. तुझे काटकुळे पाय बघून तुझ्या आईनं तुला टिटवी म्हणायला सुरुवात केली होती. ती म्हणायची, हसू नका, टिटवीनंच समुद्र आटवला होता. तेव्हा मी हसलो होतो. त्या दिवशी पुलावर मला हसू आलं नाही.

मी ओरडलो, "टिटवे, पळ!" तू पाहिलंसही नाहीस. बरंच झालं. पाहिलं असतंस तर थांबून विचारलं असतंस, गोळी घेतली का.

माझ्या शेजारी एक बाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "कोण तुमची?"

"लेक."

"पहिल्या दहांत येईल?"

"पहिल्या दहा हजारांत येईल."

त्या हसायला लागल्या. मला राग आला. मी म्हटलं, "बाई, अडतीस वर्षांची आहे, आठवड्याला सहा दिवस रुग्णांच्या खाटांमध्ये उभी असते, आणि दर वर्षी स्वतःलाच मागे टाकते. तुम्ही-आम्ही दर वर्षी स्वतःच्या मागे पडतो." एवढं लांब वाक्य मी परक्या माणसाशी जन्मात बोललो नव्हतो. मग त्या बाईही ओरडल्या, "टिटवे, पळ!"

तिथून मी गल्ल्यागल्ल्यांनी शेवटच्या रेषेशी पोचलो. तुझ्या आधी पोचलो, ही माझी स्वतःची शर्यत समज. तिथे जमिनीवर रबरी पट्ट्या टाकल्या होत्या. माणूस त्यांवरून गेला की टीं वाजायचं. टीं, टीं, टीं, सारखं चाललं होतं. मग तू आलीस. शेवटच्या पन्नास पावलांत तू तिघांना मागे टाकलंस. माझे दोन्ही हात आपोआप वर गेले. तू पट्टीवरून गेलीस आणि टीं वाजलं नाही. मला वाटलं, आनंदानं माझे कान बसले.

कान बसले नव्हते, टिटवे.

आता लिहितोच. शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, तू केळी आणायला बाहेर गेली होतीस. तुझी पिशवी खाटेवर उघडी होती. पिवळा सदरा चोळामोळा होऊन पडला होता, त्याला इस्त्री केली. खाली छातीवर लावायचा नंबर होता, चार घड्या घालून कोंबलेला. मला ते बघवेना. तू सहावीत होतीस तेव्हा शाळेच्या शर्यतीला चुरगळलेला फ्रॉक घालून गेली होतीस आणि बाईंनी सगळ्यांपुढे म्हटलं होतं, "अगं, तुझे वडील इस्त्रीवाले ना? दिव्याखाली अंधार!" तू घरी येऊन हसत सांगितलंस. मीही हसलो. गिऱ्हाइकाचे कपडे आधी, घरचे वेळ उरला तर, असा माझा नेम. आणि वेळ कधी उरायचा नाही. ते वाक्य माझ्या डोक्यातून सत्तावीस वर्षं गेलेलं नाही. म्हणून या वेळी ठरवलं, हजारो माणसांत माझ्या लेकीचा नंबर सगळ्यांत कडक दिसला पाहिजे.

कागद कापडासारखा होता. जळू नये म्हणून इस्त्री मंद ठेवली, वर ओलं फडकं टाकलं. मागच्या बाजूला बोटभर रुंदीची एक जाड पट्टी चिकटवलेली होती. मला वाटलं, पुठ्ठ्याचा तुकडा असेल. तेवढा भाग सपाट बसेना. म्हणून कॉलर दाबतात तशी ती पट्टी मी दाबून धरली. मनात वीस आकडे मोजेपर्यंत. मग छान बसली.

तू आलीस आणि म्हणालीस, "बाबा, नंबर नवा कोरा दिसतोय!" मी नुसता फुगलो, इस्त्रीचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी तक्रारीच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "पट्टीतली चिप मेली असेल. वेळ तिच्यामुळेच नोंदली जाते. उन्हात, गरम जागी ठेवली होती का?" तू म्हणालीस, "छे, पिशवीतच होती." मी तुझ्या मागे पाण्याची बाटली धरून उभा होतो. मला तेव्हाच सगळं कळलं. एक शब्द बोलायचा होता. मी बाटलीचं झाकण फिरवत राहिलो. तू त्याच्याशी भांडलीस, मग भांडून दमलीस, आणि घरी येताना म्हणालीस, "माझं नशीबच फुटकं, बाबा." आणि मी म्हणालो, "असतं एकेकाचं."

इस्त्री केली ती चूक झाली. पण "असतं एकेकाचं" म्हणालो तो गुन्हा. तुझी आई असती तर माझ्या तोंडावरूनच तिनं ओळखलं असतं आणि तुझ्यासमोर कान धरून उभं केलं असतं.

तू रागानं नंबर कचऱ्यात टाकलास. तू गेल्यावर मी तो काढून ठेवला. पंधरा दिवस उशीखाली होता. शेवटी शिंप्याला सांगितलं. मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "काका, कबुली द्यायला वकील लागत नाही. चपला घाला, मी दुकान बंद करतो."

शुक्रवारी शर्यतवाल्यांच्या कचेरीत गेलो. तिथे चष्मा लावलेली एक मुलगी होती. तिनं नंबर उलटा करून पट्टीवर नख फिरवलं.

"आजोबा, याला इस्त्री केली का कुणी?"

"मी केली."

"का पण?"

"चुरगळला होता."

तिनं दोन मिनिटं तोंडावर हात धरला. मग आतून आणखी दोघांना बोलावून म्हणाली, "ऐका, यांनी चिपला इस्त्री केली." मी मान खाली घातली. शिंपी मात्र चवताळला. "हसून झालं असेल तर तोडगा सांगा. त्या पोरीनं दोन तास इस्त्री नाही केली, धावली आहे ती."

तेव्हा ती मुलगी नीट बसली. म्हणाली, सुरुवातीला आणि शेवटी कॅमेरे असतात. दोन्हीकडे नंबर स्पष्ट वाचता आला तरच वेळ धरता येते, आणि सुरुवातीच्या गर्दीत तो बहुतेक वेळा वाचता येत नाही, कारण लोकांचे नंबर घडीत दुमडलेले असतात. ती पडद्यावर शोधत राहिली. तासभर. शिंप्यानं मला दोनदा पाणी आणून दिलं. आणि एकदम ती म्हणाली, "ही बघा!" त्या सगळ्या लोंढ्यात तुझा नंबर तेवढा पाटीसारखा सपाट होता. एकही आकडा दुमडलेला नव्हता. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "आजोबा, इस्त्री चांगली करता."

शेवटच्या रेषेवरही सापडलीस. तुझ्या मागे कठड्याला एक म्हातारा दिसतो, तोंड उघडं, दोन्ही हात वर. मी तिला म्हटलं, तो कोण आहे मला माहीत नाही. शिंप्यानं लगेच सांगितलं.

एक तास, अठ्ठावन्न मिनिटं, सव्वीस सेकंद. मी तिला तीनदा वाचायला लावलं. चौथ्यांदा स्वतः वाचलं. बाहेर आल्यावर शिंपी म्हणाला, "काका, छाती आत घ्या, बटण तुटेल." मी घेतली नाही. दोन तासांच्या आत पोचलेल्या लेकीचा बाप आहे मी. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला सांगितलं, दोन गिऱ्हाइकांना सांगितलं. त्यांतल्या एकाचा शर्ट ऐकवताना जरासा भाजला.

ही वेळ अजून कच्ची आहे. सोबतच्या अर्जावर तुझी सही हवी, धावणाऱ्याची स्वतःची, आणि ती पेनानं केलेली. अर्ज वीस तारखेच्या आत त्यांच्याकडे पोचला की छापील निकाल मिळेल आणि पंचवीस तारखेच्या आत तुझ्या गटाला दाखवता येईल. अर्जात "वेळ न नोंदण्याचे कारण" असा रकाना आहे. तो मी माझ्या अक्षरात भरला आहे: "वडिलांनी इस्त्री केली व नंतर गप्प राहिले." दुसरा अर्धा भाग त्यांना नको होता. मीच लिहिला.

रागाव. फोनवर न बोलता चार दिवस काढलेस तरी चालेल. पण सही आधी कर, राग मागाहून. आणि पुढच्या शर्यतीला मला पुलाशी उभं राहू दे. तुझ्या वस्तूंना हात लावणार नाही.

सही करून अर्ज टपालात टाकलास की दोन ओळी लगेच लिही. फोन नको, ओळीच हव्यात. तोवर मी रोज पोस्टमनच्या वाटेवर उभा असेन, कुलूप लावलं की नाही हे विसरून.

तुझा
बाबा

ता. क. अर्जाला मधोमध एक वाईट घडी पडली आहे. इस्त्री बाजूलाच तापलेली आहे. अर्ज तसाच पाठवतो आहे.