गुलाबी गारगोटीचा पाझर

तीर्थस्वरूप ताईस साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घे). भाऊजींचा खोकला कसा आहे? आम्ही ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तू पाठवलेला गुलाबी दगड पोचला. ‘तिच्या हातात ठेव आणि चार मऊ शब्द बोल’ ही चिठ्ठीही पोचली. सासूबाई गेल्यापासून ही ना रडली, ना धड बोलली. घरात बोलतात ती फक्त भांडी. अशीच आतल्या आत मिटून जाईल, याची मला फार भीती वाटते गं. म्हणून दगड हातात ठेवला. पण मऊ शब्द ऐनवेळी आठवेनात (जन्मभर शाळेत खडक शिकवल्यावर दुसरं काय होणार?), तेव्हा म्हटलं, ही आपली गारगोटीच, फक्त गुलाबी, हिचे मणी करतात, शोभेच्या वस्तू करतात, पण दिसते तशी नाजूक नाही, काचेवर ओरखडा काढते. माझ्यातल्या मास्तरला प्रयोगाशिवाय चैन पडत नाही, सबब हाताशी आलेला आरसा ओढला आणि काढून दाखवला. ओरखडा झकास उठला. आरसा सासूबाईंचा होता.

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. मी घाबरून पुढचा धडा सुरू केला: जमिनीच्या पोटात खडकाला भेगा पडतात, त्यांत कढत पाणी पाझरतं, पाण्यात विरघळलेलं सिलिका हळूहळू साचत जातं आणि भेग भरून येते, गुलाबी छटा बहुधा आतल्या बारीक तंतूंची. (दगडाला पाझर फुटतो म्हणतात, हा दगडच मुळी पाझरातून झालेला.) ही आरशावरचा ओरखडा बोटाने चाचपत होती. एकदम म्हणाली, “भेग भरायला किती वर्षं लागतात?”

लाखो, हे उत्तर जिभेवर होतं. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणालो, “माहीत नाही. लागतील तितकी लागू देत. मी आहे.”

“दगड आहात नुसते!” म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. मीही रडलो (भाऊजींना कळवू नकोस). आता ती बोलते. मुख्यतः आरशाबद्दल बोलते, पण बोलते.

तुझा,
धाकटा

ता. क. हिने तो दगड खिडकीत, भर उन्हात ठेवलाय. असा गुलाबी रंग उन्हाने फिका पडू शकतो. मी अजून एक अक्षर बोललेलो नाही. शाबासकी दे.

पुन्हा ता. क. तस्साच दुसरा पाठव. शाळेच्या पत्त्यावर. रंग उडू लागला की गुपचूप बदलीन.